यंदा फुलं बारकी याय लागलीत

मंगळवारी सकाळी दूधवाला, इस्त्रीवाला आणि समोरच्या अपार्टमेंटचा वॉचमन अशा तिघांच्या देखत, माझ्याच फाटकापाशी, एका बाईंनी मला झापलं. गुन्हा असा की माझ्या जास्वंदीला यंदा फुलं बारकी यायला लागलीत. फुलं त्यांच्या पिशवीत होती.

या बाईंना सगळे आक्का म्हणतात. कोल्हापूरच्या राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत आणि आक्का आमच्या नंबरातल्याही नाहीत, पलीकडच्या गल्लीतल्या. वय सत्तरीच्या पुढं. अंगावर इरकली लुगडं, पायात नातवाचे उतरलेले स्पोर्ट्स शूज, कानाला मफलर. एका हातात धुऊन वाळवलेली गोकुळची दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात काठी आणि काठीच्या टोकाला जुन्या छत्रीची वाकडी मूठ, सुतळीनं आवळून बांधलेली. मूठ फांदीत अडकवायची, फांदी खाली ओढायची, फूल खुडायचं आणि फांदी सोडून द्यायची. सुटलेली फांदी वर जाताना रात्रीच्या पावसाचं सगळं पाणी फाटकात खोचलेल्या पेपरवर झाडते. माझ्याकडं पावसाळाभर पेपर वाळत घालून वाचतात.

"काय ओ मालक, झाडाकडं लक्ष हाय का न्हाई?"

"का? काय झालं?"

"काय झालं? ह्ये बघा." त्यांनी पिशवीतलं एक फूल काढून माझ्या नाकासमोर धरलं. "ह्येला फूल म्हणायचं? गणपतीच्या सोंडंवर ठेवलं तर दिसत बी न्हाई. मागल्या वर्षी असलं हुतं." त्यांनी तळहात पसरला. "एक ठेवलं की देव झाकायचा."

"आक्का, झाड माझं आहे."

"मग लाज नगो वाटाय?"

दूधवाला हसला. इस्त्रीवाल्यानं सायकल स्टँडला लावली, म्हणजे तो आता मुक्कामालाच आला.

"खत घालता का न्हाई?"

"घालतो की. शेणखत घालतो, पोटॅश घालतो."

"पोटॅशला वास येतो?"

"नाही."

"मग ते कसलं खत!"

इथं वॉचमनला राहवलं नाही. तो शिरोळकडचा. घरचा ऊस आहे आणि जगातल्या प्रत्येक हिरव्या वस्तूला तो उसाच्या हिशोबानं तोलतो. "सायेब, मूठभर युरिया मारा. आठ दिवसात बघा." आठ दिवसांत काय दिसेल ते मला माहीत आहे. पानं दिसतील. युरियातलं नत्र जास्त झालं की जास्वंद नुसती पानांवर येते, गर्द हिरवी, टवटवीत आणि कळीचा पत्ता नाही. फुलासाठी पालाश, म्हणजे पोटॅश, लागतं आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, बेतानं. हे मी त्याला सांगितलंसुद्धा. त्यावर तो म्हणाला, "उसाला चालतंय की." कोल्हापूर जिल्ह्यात या वाक्यापुढं वाद घालायची सोय नाही.

"युरिया नगो," आक्का म्हणाल्या. मला वाटलं, चला, निदान एका बाबतीत आमचं जमलं. "देवाला जायाची फुलं हाईत ती. औषध-बिषध काय मारायचं न्हाई. आणि मालक, तुमी म्हणं रविवारी मटण धुतल्यालं पाणी झाडाला घालता?"

आता ही बातमी कंपाउंडच्या बाहेर गेली कशी? रविवारी कोल्हापुरात कुठल्या घरात मटण धुतलं जातं हे विचारण्यात अर्थ नसतो, कुठल्या नाही एवढंच विचारावं. ते पाणी झाडाला घालणं ही आमच्याकडची जुनी रीत. आईनं गुलाबाला घातलं, मी जास्वंदीला घालतो.

"घालतो कधी कधी," मी म्हणालो.

"आणि सोमवारी ती फुलं मी देवाला व्हायली!"

"आक्का, तुमच्याकडं रविवारी काय असतं?"

"आमी काय, आमी वरपतोय की तांबडा. मानसानं खाल्लं तर चालतंय. झाडानं कशाला खायाचं?"

यावर तुम्ही काय बोलला असता? मीही काही बोललो नाही. इस्त्रीवाला मात्र "खरं हाय" म्हणाला. याच इस्त्रीवाल्याकडं माझे दोन शर्ट शनिवारपासून पडून आहेत.

एवढ्यात बायको बाहेर आली, मला वाटलं माझ्या बाजूनं. तिच्या हातात चहाचा कप होता आणि तो आक्कांसाठी होता. फाटकावर कप ठेवून आक्का चहा प्यायल्या आणि मी त्यांची पिशवी धरून उभा राहिलो. पिशवीत एकवीस फुलं असावीत असा माझा अंदाज. मोजायचं धाडस झालं नाही. त्या दिवशी अंगारकी होती. आमच्या देवघरातल्या गणपतीला त्या दिवशी मिळाली ती महाद्वार रोडवरून विकत आणलेली जास्वंद. विकत! फूलवालीनं वर "ताजी हाईत, बंगल्यातली हाईत" अशी खात्रीही दिली. कुणाच्या बंगल्यातली, हे मी विचारलं नाही.

लोकांना वाटतं जास्वंद म्हणजे बिनकष्टाचं झाड. फांदी खोचा, फुलं घ्या. लागायला ती सोपी आहे हे खरं. पावसाच्या तोंडाला पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर फांदी डोळ्याच्या खाली तिरकी कापायची, खालची पानं काढायची, वरची दोन अर्धी ठेवायची आणि सावलीत लावून गप बसायचं. माझं झाडही असंच आलं, कसबा बावड्यातल्या एका मित्राच्या परसातून. गावठी लाल, पाच पाकळ्यांची. पण लागणं वेगळं आणि फुलणं वेगळं. तिला दिवसातून पाच-सहा तास ऊन पाहिजे. पाणी पाहिजे, पण बुडात साचलेलं चालत नाही. उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकलं की ही रागावून कळ्या गाळते. भर मेमध्ये मी संध्याकाळी बादल्या वाहतो तेव्हा आक्का असतात, फुलवाल्या समस्त भाविक मंडळी असतात, फाटकावरून जाताना "लई उकडतंय ओ" म्हणतात. एक तांब्या पाणी आजवर कुणी घातलेलं नाही. हे मी विनोदानं लिहीत नाहीये.

या झाडाची कुंडली मी काढून बसलोय, कारण दुसरं काय करणार? स्वीडनच्या कार्ल लिनिअसनं १७५३ साली तिला शास्त्रात नाव दिलं. १९६० साली मलेशियानं तिला राष्ट्रीय फूल केलं. आणि विशेष म्हणजे ही रानात आपसूक वाढलेली कुठंच सापडत नाही. कायम माणसाच्या अंगणात, कायम कुणाच्या तरी कुंपणाला. म्हणजे कुंपणाबाहेरचे हात तिच्या पत्रिकेतच लिहिलेले.

आक्कांचं खरं कौशल्य सकाळचं नाही, संध्याकाळचं. जास्वंदीचं फूल बहुतेक एका दिवसाचं. सकाळी उमलतं, रात्री मिटून गळतं. पण आदल्या संध्याकाळी टप्पोरी, टोकाला लाल दिसू लागलेली कळी खुडून ताटलीत ठेवली तर ती पाण्याशिवायसुद्धा सकाळी घरात उमलते. ही गोष्ट मला पुस्तकात वाचून कळली, आक्कांना उपजत ठाऊक आहे. अंगारकी, विनायकी, घरी कुणाचं काही असलं की त्या आदल्या दिवशी दिवेलागणीला येऊन कळ्या नेतात. दुसऱ्या दिवशी माझं झाड निव्वळ हिरवं. जाणारे-येणारे काळजीनं विचारतात, "फुलत नाही का ओ तुमची जास्वंद?" फुलते. पलीकडच्या गल्लीत फुलते.

आता फुलं बारकी का, याचं उत्तर माझ्याकडं आहे आणि तेच मला जास्त डाचतंय. जास्वंदीला फूल येतं ते नव्या फुटीच्या टोकाला. जुनी लाकडं कापली नाहीत की काटकुळ्या फांद्यांचं जंगल होतं आणि फुलं कमी आणि लहान येतात. म्हणजे छाटणी पाहिजे. दोन वर्षं मी कात्री घेऊन हिंडतोय. पाऊस संपल्यावर छाटायला गेलो तर आक्का म्हणाल्या, "नवरात्र तोंडावर आलंय, देवीला लाल फूल लागतंय." दिवाळी झाल्यावर म्हणाल्या, "कार्तिक म्हैना हाय." थंडी सरल्यावरचा काळ छाटणीला सगळ्यात बरा, तर तेव्हा माघी गणपती. त्यानंतर मी संकष्ट्या मोजून बघितल्या. त्या दर महिन्याला येतात. देवानं छाटणीला मुहूर्तच ठेवलेला नाही. एकदा गपचूप पहाटे दोन फांद्या उडवल्या तर आक्कांनी रस्त्यावर पडलेल्या फांद्या उचलून बायकोला दाखवल्या आणि "घरात काय भांडण-बिंडण झालंय का?" असं विचारलं.

त्यात पिठ्या ढेकूण. पांढरा कापूस चिकटवल्यासारखा देठात, कळीच्या बुडाशी, पानाच्या बेचक्यात बसतो आणि रस पितो. त्याच्या अंगावर मेणाचा थर असतो, वरवर फवारलं तर त्याला आंघोळ घातल्यागत होतं. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं उडवायचा, जास्त लागलेले शेंडे कापून लांब टाकायचे आणि लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं मारायचं. आठवड्यानं पुन्हा. मी जुना टूथब्रश घेऊन कळी न् कळी घासतो. बायकोनं हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त आत जाऊन माझा नवा ब्रश कपाटात ठेवला.

यातला एक पपईवरचा पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिकोकडचा. आपल्याकडं तो पहिल्यांदा २००८ साली कोइमतूरला सापडला आणि त्याला जास्वंदही चालते. २०१० साली त्याच्यावर जगणारी एक बारीक गांधीलमाशी सरकारनं परदेशातून आणवली आणि ती कामाला आली. मेक्सिकोच्या किड्यावर उतारा मिळतो. पलीकडच्या गल्लीवर नाही.

निंबोळी तेल मारलं की आक्का पाकळीचा वास घेतात आणि "कडू वास याय लागलाय, देव नाक मुरडतोय" म्हणतात. त्यांनी सुचवलेला उपाय गुळाचं पाणी. आमचं गावच गुळाचं, इथं सगळ्या रोगांवर गूळ चालतो. बायकोनं ऐकून तांब्याभर गुळवणी बुडात ओतलीसुद्धा. तासाभरात मुंग्यांची वरात लागली. आता मुंग्या आणि पिठ्या ढेकूण हे एकमेकांचे पावणे. ढेकूण अंगातून चिकट गोड रस सोडतो, मुंग्या तो चाटतात आणि त्या बदल्यात त्याच्या शत्रूंना हुसकून लावतात. त्या चिकट रसावर मग काळी बुरशी चढते. म्हणजे मी किड्यांना मारायला टूथब्रश घेऊन उभा आणि घरच्यांनी त्यांना अंगरक्षक नेमलेले.

बरं, कंपाउंडची उंची वाढवावी म्हटलं तर जास्वंदीला ऊन मिळणार नाही. भिंतीवर काचा लावाव्यात तर म्हाताऱ्या माणसाचा हात कापायचा, ते पाप नको. "फुले तोडू नयेत" अशी पाटी लावून बघितली. आक्कांना वाचायला चष्मा लागतो आणि पहाटे त्या चष्मा आणत नाहीत. शिवाय देवाचं नाव पुढं आलं की कायदा संपला. देवाला नेलेलं फूल म्हणजे चोरी नव्हे, हे मला दूधवाल्यानंसुद्धा ऐकवलं. रस्त्यात मांडव घाला, देवाचा. रात्री भिंती हादरेपर्यंत स्पीकर लावा, देवाचा. वर्गणीची पावती न विचारता फाडा, देवाची. आणि यातल्या कशावरही "अहो पण" म्हणणारा माणूस नास्तिक. मी नास्तिक नाही. मलाही सकाळी आंघोळ करून आपल्या झाडाचं एक फूल आपल्या देवाला वाहायचं आहे. एकच.

शेवटी काल मी तोडगा काढला. जूनमध्ये लावलेल्या फांद्यांपैकी एक छान मुळावली होती, चार नवी पानंही फुटली होती. चांगल्या कुंडीत भरली, माती, शेणखत, थोडी वाळू असं सगळं घातलं आणि आक्का आल्या तशी त्यांच्यापुढं ठेवली. म्हटलं, "आक्का, तुमच्या दारात एवढी जागा आहे. ही न्या. वर्षभरात घरची फुलं. काठी नको, चालणं नको, माझं पोटॅश नको. कुंडी मी स्वतः आणून पोचवतो."

आक्कांनी कुंडीकडं बघितलं, पानं उलटी करून बघितली, मातीत बोट घालून बघितलं. मग काठी सावरत म्हणाल्या, "झाड ब्येस हाय. खरं आमच्यात नगो."

"का ओ?"

"आमचं दार रस्त्यावर हाय. मी राखत बसू काय दिवसभर? लोक कळीसुदीक ठेवत न्हाईत ओ."