दक्षिणेकडे जाणारी होडी आणि तिचे सुकाणू

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे नवरा-बायको अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरातून पुन्हा दक्षिणेकडे निघत आहोत. मेरीलँडमधली नोकरी संपल्यानंतरचा हा आमचा पाचवा हिवाळा 36 फुटी शिडाच्या होडीवर जाणार आहे. फोटो पाहून अनेक मैत्रिणी, विशेषतः निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या, "आम्हालाही हे करायचे आहे" असे लिहितात. त्यांच्यासाठी एक गोष्ट सविस्तर लिहायची कधीपासून मनात होती.

आधी प्रवासाविषयी थोडे. व्हर्जिनियातील नॉरफोकपासून फ्लोरिडापर्यंत किनाऱ्याच्या आतून जाणारा एक जलमार्ग आहे. नद्या, खाड्या, बेटांमागचे उथळ पाणी आणि मुद्दाम खोदलेले कालवे जोडून तो तयार झाला आहे. नॉरफोकसमोर हॉस्पिटल पॉइंटजवळच्या 36 क्रमांकाच्या लाल बोयापाशी (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेपाशी) त्याचा शून्य मैल मोजतात आणि मायामीपर्यंत तो सुमारे 1,090 मैल भरतो. बाहेरच्या समुद्राने गेल्यास अंतर लवकर कापले जाते, पण वाटेत केप हॅटरस हे समुद्रात घुसलेले भूशिर लागते. तिथे गल्फ स्ट्रीमचा प्रवाह उत्तरेकडे धावत असतो, आणि शरद ऋतूतले थंड वारे नेमके उत्तरेकडून, म्हणजे त्या प्रवाहाच्या विरुद्ध, वाहतात. अशा वेळी उठणाऱ्या उभ्या लाटांनी तिथे शेकडो जहाजे बुडवली आहेत. म्हणून आमच्यासारखी जोडपी आतल्या मार्गाने ताशी सहा-सात मैलांच्या वेगाने, दिवसाला 40 ते 50 मैल करत जातात आणि संध्याकाळी एखाद्या खाडीत नांगर टाकतात. वादळांचा मोसम 30 नोव्हेंबरपर्यंत असतो, त्यामुळे फार लवकर दक्षिणेला पोहोचून चालत नाही. उशीर केला तर उत्तरेत पाण्याच्या नळ्या गोठू लागतात.

आता मुख्य मुद्दा. गेल्या चार हिवाळ्यांत शेकडो होड्यांना नांगर टाकताना मी पाहिले आहे. बहुतेक होड्यांवर सुकाणूच्या चाकापाशी नवरा उभा असतो आणि नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, नांगराच्या साखळीशी झुंजत असते ती बायको. चाक फिरवायला ताकद लागत नाही. लागते ती वारा आणि प्रवाह ओळखण्याची नजर, आणि ती सरावाने कोणालाही येते. ताकद लागते ती चिखलाने भरलेली साखळी हाताळायला आणि धक्क्याला लागताना दोर आवळून धरायला. म्हणजे कामाची वाटणी शरीराच्या हिशेबाने पाहिली तर उलटी झालेली असते. तिचा परिणाम असा होतो की वर्षानुवर्षे होडीवर राहूनही त्या बाईने होडी स्वतः कधी चालवलेली नसते. ती होडीवरची प्रवासी राहते, आणि दोघांच्याच होडीवर एक जण प्रवासी असणे मला अतिशय धोक्याचे वाटते.

हे मी अनुभवातून लिहीत आहे. पहिल्या वर्षी आमच्याकडेही हीच वाटणी होती. नॉर्थ कॅरोलिनातील आल्बमार्ल साउंड हे विस्तीर्ण पण उथळ पाणी ओलांडून आम्ही अलिगेटर नदीच्या दक्षिण टोकाला नांगर टाकला होता. आजूबाजूला दलदल आणि झाडी होती, एकही घर नव्हते, फोनलाही रेंज नव्हती. पहाटे चार वाजता नवऱ्याच्या कमरेत कळ उठली. ती मूतखड्याची होती हे नंतर कळले. सहा वाजेपर्यंत त्याला उभेही राहता येईना. पुढचे गाव बेलहेवन, 30 मैलांवर. आणि त्यातले वीस-एक मैल अलिगेटर आणि पंगो या नद्यांना जोडणाऱ्या सरळ, अरुंद कालव्याचे. त्याच्या दोन्ही काठांना पाण्याखाली झाडांचे बुंधे आहेत, त्यामुळे मध्यभाग सोडून फार बाजूला सरकता येत नाही.

मी नांगर एकटीने उचलला. विंडलास, म्हणजे साखळी ओढून घेणारे विजेवरचे यंत्र, नाळेवर होते आणि चाक 25 फूट मागे. वारा पडलेला होता हेच माझे नशीब. साखळी थोडी ओढायची, मागे धावत येऊन होडी सरळ करायची, पुन्हा पुढे जायचे, असे चार-पाच वेळा करावे लागले. कालव्यात शिरल्यावर मी वीएचएफ या होडीवरच्या रेडिओच्या 16 नंबरच्या चॅनलवर कोस्ट गार्डला हाक दिली. तिथल्या माणसाने शांतपणे होडीचे नाव, ठिकाण, अडचण आणि होडीवरची माणसे विचारून घेतली आणि बेलहेवनच्या धक्क्यावर रुग्णवाहिका उभी राहील असे सांगितले. रेडिओवर काय बोलायचे हे मी नवऱ्याकडून ऐकून ऐकून शिकले होते, स्वतः मात्र त्या दिवसापर्यंत बटण दाबले नव्हते.

कालव्याच्या मध्यावर समोरून बार्ज, म्हणजे मालवाहू तराफा, ढकलत येणारी टग बोट दिसली. त्या कप्तानाने रेडिओवर विचारले, "वन व्हिसल चालेल का?" एक शिटी म्हणजे दोघांनी आपापल्या उजवीकडे सरायचे आणि एकमेकांच्या डाव्या बाजूने जायचे, हे मला माहीत होते. ते माहीत नसते तर त्या अरुंद पाण्यात काय झाले असते, याचा विचार मी आजही टाळते. शेवटी विल्करसन पूल आला. या मार्गावरच्या स्थिर, म्हणजे न उघडणाऱ्या, पुलांची ठरलेली उंची 65 फूट आहे, हा त्याहून एका फुटाने कमी. आमची डोलकाठी 52 फुटांची, म्हणजे हिशेबात भरपूर जागा होती. पण खालून वर पाहताना प्रत्येक पूल काठीला लागणार असेच वाटते, आणि त्या दिवशी तो हिशेब पुन्हा तपासून सांगायला शेजारी कोणी नव्हते.

साडेपाच तासांनी होडी धक्क्याला लागली. दोर घ्यायला दोन अनोळखी माणसे उभी होती. त्यांचे ऋण मी मानते. गावातले रुग्णालय 2014 मध्ये बंद झालेले, त्यामुळे नवऱ्याला रस्त्याने आणखी सुमारे 30 मैल दूर न्यावे लागले. तो बरा झाला. आम्ही तिथे नऊ दिवस थांबलो, आणि त्या नऊ दिवसांत होडीवरचा आमचा संसार नव्याने मांडला.

तेव्हापासून विषम तारखेला सुकाणू माझे आणि सम तारखेला त्याचे. ज्याचा दिवस असेल त्याने वाऱ्याचा अंदाज वाचायचा, नकाशावर मार्ग आखायचा, उघडणाऱ्या पुलांना रेडिओवर हाक द्यायची आणि निर्णयही घ्यायचा. इंजिनचे तेल आणि गाळणी मी बदलायला शिकले. फळकुटावर कोणत्या डब्यात काय आहे, कोणाचे कोणते औषध कोणत्या वेळी, पिण्याचे पाणी किती उरले, हे सारे इतकी वर्षे फक्त माझ्या डोक्यात होते. ते त्याने शिकून घेतले, कारण त्या पहाटे मी आजारी पडले असते तर माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या त्याला सापडल्या नसत्या. नांगर टाकताना आम्ही हाताच्या खुणा करतो. त्यामुळे ओरडावे लागत नाही, आणि ओरडणे थांबल्यावर संध्याकाळचे जेवणही अधिक शांतपणे होते, असा माझा अनुभव आहे.

या बदलाची खरी परीक्षा जॉर्जियात झाली. तिथे भरती-ओहोटीत सात ते नऊ फुटांचा फरक पडतो आणि मार्गातला गाळ दरवर्षी जागा बदलतो. माझे बालपण वेंगुर्ल्यात गेले. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो, उधाण (मोठी भरती) आणि भांग (छोटी भरती) पाहिल्याशिवाय होडी आत घ्यायची नसते, हे तिथल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. लिटल मड नदीत शिरण्याची वेळ आली तो दिवस सम तारखेचा, म्हणजे नवऱ्याचा होता. पाणी उतरत होते. उतरत्या पाण्यात रुतलेली होडी पुढच्या भरतीपर्यंत हलत नाही आणि कलंडते, म्हणून थांबावे असे मला वाटले आणि मी तसे म्हटले. त्याने नकाशा पुन्हा पाहिला, नांगर टाकला, आणि चढत्या पाण्याची वाट पाहत आम्ही चार तास दलदलीतले बगळे पाहत बसलो. पहिल्या वर्षी मी असे बोलले नसते, कारण ते क्षेत्र माझे नाही असे मीच मानले होते.

2023 ची दिवाळी साउथ कॅरोलिनातील ब्यूफर्टसमोर नांगरावर झाली. (नॉर्थ कॅरोलिनातही याच स्पेलिंगचे गाव आहे, त्याला बोफर्ट म्हणतात.) चकल्या आदल्या दिवशी त्याने तळल्या, कारण तेव्हा सुकाणू माझ्याकडे होते. आकाशकंदील शिडाच्या आडव्या दांड्याला टांगला आणि डोलकाठीच्या टोकावरचा नांगराचा पांढरा दिवा त्याच्या वर, नियमाप्रमाणे, रात्रभर जळत ठेवला. शेजारच्या होडीवरचे सत्तरीतले जोडपे फराळाला आले. त्यातल्या बाईंनी बोलता बोलता सांगितले की अकरा वर्षे होडीवर राहूनही इंजिन कसे सुरू करतात ते त्यांना ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नवऱ्याऐवजी मी त्यांच्यासोबत त्यांच्या होडीवर तासभर बसले आणि त्यांनी ते तीन वेळा सुरू करून बंद केले.

तेव्हा मैत्रिणींनो, होडी घेण्याआधी शिडे, सौर पॅनल आणि फ्रीज यांची चौकशी जरूर करा. पण घर सोडण्यापूर्वी एक दिवस असा काढा की नवरा खाली केबिनमध्ये बसला आहे, वर येणार नाही असे ठरले आहे, आणि दोर सोडण्यापासून संध्याकाळी पुन्हा बांधेपर्यंत होडी तुमच्या एकटीच्या हाती आहे. दुसऱ्या दिवशी खाली तुम्ही बसा. पहिल्या खेपेला वारा दहा नॉटच्या (ताशी दहा सागरी मैलांच्या) आतला निवडा, आणि पाणी चढते असू द्या.