गाडग्यातली मूठ

परवा पुन्हा कुणीतरी महाराजांबद्दल काहीतरी बोललं आणि दिवसभर सगळ्यांचे मोबाईल तापले. मला मात्र डिसेंबर २०२२ आठवला. तेव्हा दुखावलेल्यांत मीही होते, आणि तो राग अजून गेलेला नाही.

आठवून बघा ते दिवस. नोव्हेंबरात राहुल गांधींनी अकोला जिल्ह्यात पत्रकारांसमोर सावरकरांचं पत्र दाखवलं. दोन दिवसांनी राज्यपाल कोश्यारी औरंगाबादच्या दीक्षान्त समारंभात शिवाजी महाराजांना जुन्या काळातला आदर्श म्हणाले. लगोलग भाजपचे प्रवक्ते सुधांशू त्रिवेदी यांनी टीव्हीवर महाराजांच्या माफीपत्रांचा विषय काढला. पुढे पुणे बंद झालं, मुंबईत महामोर्चा निघाला. प्रत्येकाला आपल्या मनातला महापुरुष दुखावल्याचं दुःख होतं, आणि समोरच्याचा महापुरुष दुखावला तेव्हा मात्र सगळे गप्प होते. हे मला तेव्हाही फार लागलं होतं.

या सगळ्यात पैठण घडलं. नाथांच्या गावात, संतपीठाच्या कार्यक्रमात, मंत्री चंद्रकांत पाटील म्हणाले की फुले, आंबेडकर, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी शाळा काढल्या तेव्हा सरकारने अनुदान दिलं नव्हतं, त्यांनी लोकांकडे भीक मागितली.

मी जेवत होते. घास तसाच राहिला.

आमच्याकडे कर्मवीरांना अण्णाच म्हणतात. माझं माहेर वारणाकाठचं. अण्णांची रयत शिक्षण संस्था १९१९ची, पण त्याच्याही आधी दुधगावच्या वसतिगृहासाठी अण्णांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मुष्टिफंड, म्हणजे घराघरातून मूठमूठ धान्य गोळा करणं, सुरू केला होता. माझ्या पणजीला अक्षरओळख नव्हती. आजी सांगायची, पहाटे दळायला बसली की जात्यात पहिला घास घालायच्या आधी ती मूठभर जोंधळा बाजूच्या गाडग्यात टाकायची. घरात धान्य कमी असलं तरी ती मूठ चुकायची नाही. गाडगं भरलं की शाळेची माणसं येऊन घेऊन जायची. आणि पणजी कुणालाही सांगायची, "माझी पोरं शिकत्यात." तिची स्वतःची पोरं तेव्हा गुरांमागं होती. ज्या पोरांना ती माझी म्हणायची, त्यांतल्या एकाचंही तोंड तिने पाहिलेलं नव्हतं.

याला भीक म्हणायचं?

मराठीत या देवाणघेवाणीला किती शब्द आहेत बघा. माधुकरी आहे, जोगवा आहे, शिधा आहे, वर्गणी आहे, देणगी आहे. जोगवा मागणारी बाई दारात आली की घरची सासू सूप घेऊन लगबगीने उठते, कारण आज देण्याचा मान आपला आहे. वारीत दिंडीला जेवण घालायला गावंच्या गावं नंबर लावतात. भीक यातल्या कशालाच म्हणत नाहीत. भीक म्हणजे देणारा वर आणि घेणारा खाली. मुष्टिफंडात कुणी वर नव्हतं. देणारी बाई घेणाऱ्याइतकीच गरीब होती. म्हणून मला वाटतं, त्या शब्दाने अण्णांपेक्षाही जास्त अपमान झाला तो त्या बायकांचा. साताऱ्याच्या बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. एका पंगतीत सगळ्या जातींची मुलं जेवत होती तिथे. त्या बाईच्या बाबतीत तरी हा शब्द तोंडातून कसा निघतो?

दुसऱ्या दिवशी पिंपरी-चिंचवडमध्ये मंत्र्यांच्या तोंडावर शाई फेकली गेली. मला ते अजिबात पटलं नाही. अण्णांचं नाव घेऊन माणसाच्या अंगावर जायचं नसतं. फेकणाऱ्यांवर खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावलं, पोलीस निलंबित झाले, तेही तितकंच अतिरेकी होतं. पुढचे चार दिवस शाई, कलम, निषेध, दिलगिरी. मग विषय बदलला.

आणि माझा खरा राग इथून सुरू होतो. मंत्र्यांच्या त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग होता, "सरकारने अनुदान दिलं नव्हतं." त्याच्यावर कुणी बोललंच नाही. ना सत्तेतल्यांनी, ना विरोधकांनी, ना आपण. हे बोलणारा माणूस राज्याचा उच्च शिक्षणमंत्री होता हो! त्यांना तिथल्या तिथे विचारायला हवं होतं, की तेव्हा नव्हतं ते नव्हतं, आज तुम्ही किती देता? विनाअनुदानित शाळांतले शिक्षक आझाद मैदानावर येऊन बसतात, ते वर्षानुवर्षं का बसतात? त्याच वर्षी सप्टेंबरात २०पेक्षा कमी पट असलेल्या शाळांची माहिती सरकारने मागवली होती आणि वाड्यावस्त्यांवरच्या आईबापांच्या पोटात गोळा आला होता. त्यासाठी किती शहरं बंद झाली?

अनुदानाचा इतिहासही धड सांगितला गेला नाही. गांधीहत्येनंतर अण्णांनी सरकारवर उघड टीका केली, तेव्हा मुंबई सरकारने रयतचं अनुदान थांबवलं होतं. पुढे ते पुन्हा सुरू झालं. बोलल्याबद्दल पोरांच्या शाळेचे पैसे थांबवणारं सरकार आपल्या स्वतंत्र देशाचंच होतं. अपमानाची एवढी चाड असलेल्यांपैकी कितीजणांना हे माहीत आहे?

मी चोवीस वर्षं खेड्यातल्या शाळेत शिकवलं. गेल्या पावसाळ्यात आमच्या दोन वर्गांत इतकं गळायला लागलं की मुलं बाकं भिंतीला लावून बसायची. मग आम्ही तिघीजणी पावतीपुस्तक घेऊन गावात फिरलो. बंदच्या वेळी चौकात घोषणा देणाऱ्यांच्या घरीही गेलो. "बघू" म्हणाले. एका घरी सून कामावरून यायची वाट बघत एक म्हातारी बसली होती. तिने कनवटीची गाठ सोडून पन्नास रुपये दिले. पावतीवर काय नाव लिहू विचारलं, तर म्हणाली, "नातीचं लिव्हा. ती वाचंल."

एका वर्गाचे पत्रे बदलून झालेत. दुसऱ्याचे बाकी आहेत. पावतीपुस्तक माझ्याकडे आहे.