‘टायर गॅरेजमध्ये खराब होतच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

गेले काही दिवस एक मजकूर मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा आला, नात्यातल्या एका मामांनीही पाठवला. त्याचं सार असं : टायर दीड टनाची गाडी पेलतो, त्याला गॅरेजमधल्या कामाने काही होऊच शकत नाही. फुगा येतो तो खड्ड्यानेच. पंक्चर काढल्याने टायर दुरुस्त होतो, बिघडत नाही. आणि गॅरेजमध्ये काही बिघडलं असतंच, तर ते तिथल्या तिथे दिसलं असतं. तेव्हा महिन्याभराने जाऊन गॅरेजवाल्याशी भांडू नका.

भांडू नका, हे मलाही पटतं. बाकीचे चारही मुद्दे चुकीचे किंवा अर्धवट आहेत, आणि टायरच्या बाबतीत अर्धवट माहिती जिवावर बेतते.

दीड टनापासून सुरुवात करू. गाडीचं वजन रबर पेलत नाही, आत कोंडलेली हवा पेलते. टायर ही ती हवा धरून ठेवणारी पिशवी आहे, आणि पिशवी सगळीकडे सारखी मजबूत नसते. नक्षीच्या खाली पोलादी तारांचे पट्टे असतात, तो भाग दणकट. बाजूच्या भिंतीत मात्र कारच्या टायरला बहुधा पॉलिस्टरच्या धाग्यांचे एक-दोन थर असतात. रिमला घट्ट बसणारा काठ, ज्याला टायरवाले बीड म्हणतात, त्यात पोलादी तारांचं कडं असतं आणि त्यावर रबर. आतल्या बाजूने ब्युटिल रबराचा पातळ थर असतो. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूबचं काम तोच करतो. दुकानातल्या मशीनचा आणि टॉमीचा, म्हणजे टायर उचकटायच्या सळईचा, संबंध येतो तो बीडशी, भिंतीशी आणि या आतल्या थराशी. पंक्चर सोडलं तर दणकट भागाला तिथे कुणी फारसा हातही लावत नाही.

टायर रिमवरून निघतो कसा, ते एकदा जवळ उभं राहून बघा. आधी मशीनचा फावड्यासारखा हात टायरला बाजूने दाबतो आणि बीड रिमपासून सुटतो. हा हात रिमच्या कडेलगत लागायला हवा. वर भिंतीवर लागला तर आतले धागे चेपतात. मग रिम फिरू लागते आणि मशीनचं डोकं बीडला रिमच्या कडेवरून बाहेर ओढतं. आता बीडमधलं कडं पोलादाचं, ते ताणलं जात नाही. तरी ते मोठ्या कडेवरून पार होतं, कारण रिमच्या मधोमध एक खोलगट भाग असतो. एका बाजूचा बीड त्या खोलगटात दाबून धरला की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते. घाईत असलेल्या मुलाने तो दाबून धरला नाही आणि मशीन फिरत राहिलं, तर सगळा ताण बीडवर येतो. रबर फाटतं, कधी आतली तारही तुटते. ज्या टायरची भिंत बुटकी, त्यात हे लवकर घडतं. आजकाल मोठ्या अलॉय रिमच्या हौसेपायी असे टायर पुष्कळ दिसतात.

यात वंगणाचाही भाग आहे. बीडला साबणाचं पाणी किंवा टायरची पेस्ट लावायची असते. ती संपली की काही ठिकाणी डिझेल, जुनं ऑइल, ग्रीस, हाताला लागेल ते लावतात. पेट्रोलियमच्या तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं.

टायर चढवल्यावर हवा भरली की बीड आवाज करून जागेवर बसतो. बसला नाही की हवा भरतच राहायची, ही सवय मी अनेक दुकानांत पाहिली आहे. अमेरिकेतल्या टायर उत्पादकांच्या संघटनेचा नियम स्पष्ट आहे : कारच्या टायरचा बीड बसवताना हवेचा दाब 40 पीएसआयच्या वर न्यायचा नाही. तोवर बसला नाही तर हवा सोडा, पुन्हा साबण लावा, पुन्हा भरा. पुढे गेलं तर बीडची तार तुटून टायर फुटू शकतो. इथे मला गाडीच्या मालकापेक्षा त्या मुलाची काळजी जास्त वाटते, कारण टायरवर वाकून तोच उभा असतो. वाकलेली रिम टायर न काढताच तापवून सरळ करणं याहूनही भयंकर. उष्णतेने आतल्या रबराचे वायू तयार होतात आणि टायरचा स्फोट होऊ शकतो, हवा सोडलेली असली तरीही.

फुग्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. फुगा म्हणजे भिंतीतले धागे तुटले आणि हवेने तिथलं रबर बाहेर ढकललं. बहुतेक फुगे खड्ड्यानेच येतात. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात भिंत चिमटली जाते, आणि आपल्या रस्त्यांवर हे रोज घडतं. पण ‘खड्ड्यानेच’ यातला ‘च’ खोटा आहे. मशीनने भिंत चेपली तरी तेच धागे दुखावतात. हवा गेलेली गाडी आवारात पुढे-मागे चालवली तर रिमच्या दाबाने भिंत आतून भरडली जाते. असा टायर रिमवरून उतरवला की आत रबराची काळी भुकटी सापडते, हा त्याचा साक्षीदार. (भिंतीवर उभी, आत गेलेली रेघ दिसली तर मात्र घाबरू नका. तो बहुधा थरांचा जोड असतो, बनावटीचाच भाग.)

‘पंक्चर काढल्याने टायर बिघडत नाही’ हा या मजकुरातला सगळ्यात घातक मुद्दा, कारण हे काम आपण सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात कमी लक्ष देऊन करून घेतो. रस्त्याकडेला चाक न उतरवता बाहेरूनच छिद्रात चिकट रबराची पट्टी मारतात. त्यासाठी खरखरीत सळई छिद्रात घालून ते मोठं केलं जातं. खिळा तिरका गेला असेल तर सळईही त्याच तिरकेपणाने जायला हवी. सरळ घुसवली तर दुसरी वाट तयार होते, वाटेतल्या पोलादी तारा तुटतात, तिथून पाणी शिरतं आणि तारा गंजतात. पाच मिनिटांत गाडी रस्त्यावर, हवा टिकलेली, पैसे दिलेले. आत काय झालं ते कुणीच पाहिलेलं नसतं.

योग्य पद्धतीत टायर उतरवून आतून बघतात. छिद्र नक्षीच्या भागात आणि 6 मिलिमीटरपर्यंतचं असेल तरच दुरुस्ती करतात, आणि मशरूम नावाचा रबरी तुकडा वापरतात : त्याचा दांडा छिद्र भरतो, टोपी आतून चिकटते. त्यातही हात चुकू शकतो. टोपी चिकटावी म्हणून आतली जागा घासतात. ती जास्त घासली गेली तर ब्युटिलचा थर उडतो, हवा थरांमध्ये शिरते. भिंतीतलं पंक्चर तर काढूच नये. पट्टी ही टायरच्या दुकानापर्यंत पोचण्यासाठी आहे. तिच्यावर भरवसा ठेवून समृद्धी महामार्गावर 120च्या वेगाने जाणाऱ्या कुटुंबाचा विचार मनात आला की मला अस्वस्थ होतं.

राहिला ‘तिथल्या तिथे दिसलं असतं’ हा मुद्दा. वर सांगितलेल्यातलं बरंचसं तिथल्या तिथे दिसत नाही. दुखावलेले धागे काही आठवड्यांनी फुगा देतात, तारा हळूहळू गंजतात. आणि काही वेळा टायरला कुणी हातही लावलेला नसतो. माझ्या गाडीचे लोअर आर्म आणि टायरॉडची टोकं (पुढची चाकं धरणारे आणि वळवणारे भाग) बदलली, तेव्हा पुढचे दोन्ही टायर नवे होते. या कामानंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन पुन्हा जुळवणं, करावंच लागतं, कारण चाकांचा कोन बदलतो. ते राहून गेलं. स्टिअरिंग थोडं ओढत होतं, मी दुर्लक्ष केलं; तेवढी चूक माझी. चार महिन्यांनी पाहिलं तर दोन्ही टायर आतल्या कडेला गोटा झालेले. कायद्याने निदान 1.6 मिलिमीटर नक्षी लागते. आत तेवढीही नव्हती, बाहेरची जवळपास नवी.

कंपनीची वॉरंटी इथे उपयोगी पडत नाही. ती उत्पादनातल्या दोषाला असते, चुकीच्या बसवणीला किंवा अलाइनमेंटला नाही. गॅरेजची जबाबदारी मात्र कायद्यात आहे. सोपवलेल्या वस्तूची शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तशी काळजी घ्यायची, हे 1872च्या करार कायद्याचं कलम 151 सांगतं. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतल्या त्रुटीसाठी 2 वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर विचारता येतं. हे सगळं पुराव्यावर चालतं. म्हणून किल्ली देण्याआधी चारही टायरचे, दोन्ही भिंतींसकट, फोटो काढा. बिलावर कोणत्या चाकाचं काय केलं ते लिहून घ्या.

माझ्याकडे फोटो नव्हते, फक्त बिल होतं. ते घेऊन गेलो आणि गाडी लिफ्टवर घ्यायला सांगितली. गॅरेजचे मालक खाली वाकले, आतल्या कडेवरून बोटं फिरवली आणि बिल पुन्हा वाचलं. “अलाइनमेंट आमच्याकडून राहिलं, दादा,” ते म्हणाले. त्या दिवशी अलाइनमेंटचे पैसे त्यांनी घेतले नाहीत आणि दोन टायरची निम्मी किंमत भरली. गाडी मी अजून त्यांच्याकडेच देतो.