अर्धेच पोचलेले पालेकर

परवा खूप वर्षांनी गुजरी महालात गेले. मुंबईची मावसबहीण आली होती, तिला ग्वाल्हेर दाखवायचं होतं. राजा मानसिंह तोमरने आपल्या राणीसाठी, मृगनयनीसाठी, किल्ल्याच्या पायथ्याशी बांधलेला हा महाल, असं मी सांगत होते, तर ती एकदम म्हणाली, "मृगनयनी म्हणजे पल्लवी जोशीची ती सिरीयल ना गं?"

आणि मला १९९१ साल आठवलं. वृंदावनलाल वर्मांच्या कादंबरीवरची 'मृगनयनी' दूरदर्शनवर लागायची. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या वाड्यात त्या वेळेपुरता स्वयंपाक थांबायचा, कारण गोष्ट आमच्या गावची होती. नावं सरकायला लागली आणि 'दिग्दर्शक : अमोल पालेकर' दिसलं की आजी दर वेळी विचारायची, "हा तर तो गोलमालमधला मुलगा. हा आपल्या राणीची गोष्ट कशाला सांगतोय?"

कोणीच तिला नीट उत्तर दिलं नाही. आज मला ते द्यावंसं वाटतंय.

आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी माणसांना पालेकर अर्धेच मिळाले. 'रजनीगंधा', 'चितचोर', 'गोलमाल' इथल्या टॉकीजमध्ये लागले, नंतर टीव्हीवर पुन्हापुन्हा पाहिले. मराठी पिक्चर मात्र माझ्या लहानपणी इथे लागलेला मला आठवत नाही. त्यामुळे आमच्या मनात ते साध्या शर्टातले, बसच्या रांगेत उभे राहणारे, लाजरे नायकच राहिले. 'सामान्य माणूस' हा शिक्का आम्ही इतक्या प्रेमाने मारला की त्याखाली बाकीचा माणूस झाकून गेला.

त्यांचं स्वतःबद्दलचं एक सांगणं प्रसिद्ध आहे : शिक्षणाने चित्रकार, अपघाताने नट, नाइलाजाने निर्माता आणि आवडीने दिग्दर्शक. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, बँक ऑफ इंडियात नोकरी केली, सत्यदेव दुब्यांच्या हाताखाली नाटक केलं, १९७२ मध्ये 'अनिकेत' ही स्वतःची नाट्यसंस्था काढली. सिनेमाचं यश नंतर आलं. आणि ते आलं तेव्हासुद्धा त्यांनी फक्त गोड भूमिका केल्या नाहीत. १९७७ च्या 'भूमिका'मधला बायकोच्या कमाईवर जगणारा, संशयी केशव दळवी आठवा. त्याच वर्षीच्या 'घरौंदा'त घरासाठी प्रेयसीला म्हाताऱ्या मालकाशी लग्न कर म्हणणारा सुदीप आठवा. हे दोघे लाजरे नाहीत, भित्रे आणि स्वार्थी आहेत. हा फरक डोळ्यांत दाखवणारा नट आम्ही नुसता 'साधा' म्हणून मोकळे झालो.

'गोलमाल' १९७९ चा. दोनच वर्षांनी ते दिग्दर्शक झाले, आणि पहिला पिक्चर कुठला, तर मराठी 'आक्रीत'. मराठवाड्यातल्या मानवत गावच्या गाजलेल्या खुनांवरचा, अंगावर काटा आणणारा. त्यात क्रूर मुकुटरावचं काम त्यांनी स्वतः केलं. सगळा देश आपल्याला सज्जन म्हणून ओळखत असताना असा माणूस रंगवायचा! धंद्याचं गणित पाहणारा कोणी हे करणार नाही.

१९९५ चा 'बनगरवाडी' मी पुण्याच्या आत्याने पाठवलेल्या व्हीसीडीवर पाहिला. व्यंकटेश माडगूळकरांचं गाव, धनगर, मेंढरं, नवखा मास्तर आणि शेवटी सगळं रिकामं करणारा दुष्काळ. आमच्यासाठी महाराष्ट्र म्हणजे पुण्या-मुंबईचे नातेवाईक आणि लग्नाच्या पंगती. माणदेश आम्ही पाहिलेलाच नव्हता. आईला त्यातले निम्मे शब्द कळले नाहीत, पण ती जागची हलली नाही. पिक्चर संपल्यावर म्हणाली, "आपली मराठी एवढीशीच आहे गं, खरी केवढी मोठी असेल!" यासाठी मी पालेकरांची कायमची ऋणी आहे.

'ध्यासपर्व' त्याहून उशिरा हाती आला. संततिनियमनासाठी नोकरी, मानमरातब सगळं पणाला लावणारे र. धों. कर्वे, आणि कर्वे झालेल्या किशोर कदमांच्या तोडीला सीमा बिस्वास यांनी उभ्या केलेल्या कर्व्यांच्या पत्नी मालतीबाई. मला त्यात कर्व्यांपेक्षा मालतीबाईच जास्त दिसत राहिल्या.

आता आजीचा प्रश्न. आमच्याकडची दंतकथा अशी की राई गावच्या त्या गूजर मुलीने राजाला हो म्हणण्याआधी अटी घातल्या : पडद्यात राहणार नाही, लढाईत बरोबर येईन, आणि पाणी पिईन तर माझ्या गावच्या नदीचं. 'अनकही', 'थोडासा रूमानी हो जाएं', 'दायरा', 'ध्यासपर्व', 'अनाहत', 'पहेली' हे एकामागून एक आठवून पाहा. बाईला स्वतःला काय हवंय, हा प्रश्न पालेकर फिरून फिरून विचारतात. (२००५ चा 'पहेली' भारताकडून ऑस्करला गेला. मला त्यातला झगमगाट थोडा जास्त वाटतो, पण भूत आहे हे माहीत असून त्याला स्वीकारणारी लच्छी मला फार आवडते.) त्यांना आमची मृगनयनी सापडली नसती तरच नवल होतं. ज्यांना त्यांची कारकीर्द विस्कळीत वाटते, त्यांनी नट बाजूला ठेवून फक्त या बायका पाहाव्यात.

आजी आता नाही. आई ७८ वर्षांची आहे. बहिणीने महालात विषय काढल्यापासून आईने एकच धोशा लावलाय, 'मृगनयनी' पुन्हा बघायची. मी शोधते आहे. कोणाकडे दूरदर्शनवरून टेप केलेली जुनी कॅसेट असेल, एखाद-दुसरा भाग का होईना, तर कृपया कळवा. लष्करातून कुठेही येऊन घेऊन जाईन, आणि जशीच्या तशी परत आणून देईन.