ऑक्सिजन सेन्सर शेगडीवर भाजणाऱ्यांसाठी

आमच्या दाजींनी गाडीचा ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन ओळखणारा भाग, गॅसच्या शेगडीवर भाजला. अक्काचा फोन आला तेव्हा स्वयंपाकघरात थिनरचा वास कोंदला होता आणि मागून दाजी ‘अगं, व्हॉट्सॲपवर आलंय, खात्रीचं आहे’ म्हणत होते. तो मेसेज सध्या सोलापूरच्या निम्म्या ग्रुपांवर फिरतोय. मथळा असा : ‘गॅरेजवाले हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत.’ मी गॅरेजवालाच आहे, अक्कलकोट रोडला. म्हणून सांगतोच.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात हे. चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०१३३ हा बिघाडाचा कोड आला की सेन्सर गेला समजा. मोबाइलच्या ॲपवर आलेख बघून खात्री करा. सेन्सर रात्रभर थिनरमध्ये बुडवा, सकाळी शेगडीवर लाल करा, नव्यासारखा होतो. हे सगळं ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमुळे होतं. सेन्सर तसाही दर ४० हजार किलोमीटरला बदलायचा असतो. आणि काहीच जमलं नाही तर वायर कापा, ॲव्हरेज वाढतं.

पहिलं घ्या. पी०१३३ चा अर्थ एवढाच की धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी बसवलेल्या पहिल्या सेन्सरच्या सर्किटचा प्रतिसाद मंद आहे. ‘सेन्सर खराब’ असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. निसानचं वर्कशॉप मॅन्युअल काढून बघा. या कोडखाली संभाव्य कारणांची जी यादी आहे तिच्यात सेन्सर आहे, पण त्याच्यासोबत त्याचा हीटर, वायरिंग आणि कनेक्टर, फ्युएल प्रेशर, इंजेक्टर, हवेचं माप घेणारा एमएएफ सेन्सर, इंजिनातली वाफ परत आत सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह, इनटेकची म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेची गळती आणि एक्झॉस्टची गळतीही आहे. गाडी बनवणाऱ्यांना इतकी कारणं दिसतात आणि मेसेज लिहिणाऱ्याला एकच दिसतं, धन्य आहे.

यातली एक्झॉस्टची गळती सगळ्यात फसवी. लोकांना वाटतं, गळती म्हणजे धूर बाहेर जाणार, आत काय फरक पडतो? पण एक्झॉस्टमध्ये धूर ठोके घेत येतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये दाब घटला की त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो जादा ऑक्सिजन दिसतो, तो ‘मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे’ म्हणतो, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, आणि सगळा ताल बिघडतो. दाजींच्या गाडीत हेच होतं. इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या गॅस्केटच्या, म्हणजे जोडातल्या पॅकिंगच्या, कडेला काजळीचा काळा फराटा स्वच्छ दिसत होता. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर तिथून टिक-टिक आवाज येत होता, आणि इंजिन तापून धातू फुगला की तो बंद व्हायचा. म्हणजे सेन्सरची तक्रारच नव्हती. भाजल्यावर मात्र झाली, कारण वायर जिथून बाहेर येते तिथलं रबर वितळलं. गॅस्केटच्या कामात नव्या सेन्सरचा खर्च फुकटचा वाढला.

आता हे भाजण्याचं प्रकरण. सेन्सरच्या टोकाला झिर्कोनियाचं सिरॅमिक असतं आणि त्यावर प्लॅटिनमचा पातळ थर. वर सच्छिद्र आवरण. सेन्सर मंदावतो तो हे आवरण बुजल्यामुळे. कशाने बुजलं ते टोकाच्या रंगावरून बऱ्यापैकी कळतं. काळी भुसभुशीत काजळी असेल तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) चाललंय. पांढरट थर असेल तर सिलिकॉन किंवा कूलंट आत जातोय. राखेसारखा थर बहुधा ऑइल जळल्याचा. शिशाचं विष आता राहिलं नाही, देशात शिसंयुक्त पेट्रोल २००० सालीच बंद झालं. आता घात करतो तो स्वस्तातला सिलिकॉन सीलंट, जो गॅस्केटला हात सैल सोडून फासला जातो. त्याची वाफ जळून सेन्सरवर काचेसारखा थर बसतो. तो थिनरने निघत नाही आणि शेगडीनेही निघत नाही.

काजळी मात्र उष्णतेने जळते, एवढं अर्धसत्य मेसेजात आहे, कबूल करतो. पण त्यासाठी शेगडी कशाला? रिच होण्याचं मूळ कारण दुरुस्त करून गाडी तुळजापूरपर्यंत जरा दमाने पळवून आणा, एक्झॉस्टची उष्णताच ते काम करते. शेगडीवर उघड्या आचेत सिरॅमिकला एका बाजूने चटका बसतो आणि ते तडकतं. ईसीयूसुद्धा थंड इंजिनात सेन्सरचा हीटर एकदम पूर्ण ताकदीने लावत नाही, तो याच भीतीने. आणि थिनर? त्याची वाफ घरातल्या साध्या तापमानालाही पेट घेते. थिनरमध्ये भिजलेली वस्तू, शेजारी सिलिंडर, मार्च महिन्यातली सोलापूरची दुपार. दाजींचं नशीब बलवत्तर, अजून काय म्हणायचं.

मोबाइलच्या आलेखाचं बोलू. साध्या झिर्कोनिया सेन्सरचं व्होल्टेज लीनला साधारण ०.१ आणि रिचला ०.९ व्होल्टच्या आसपास असतं, आणि ते ०.४५ च्या रेषेवरून सारखं खाली-वर जातं. चांगला सेन्सर लीनवरून रिचवर १०० मिलिसेकंदांच्या आत उडी मारतो. गाडीतून मोबाइलला माहिती पाठवणारं स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल सेकंदाला मोजकीच मापं आणतं, त्यात स्क्रीनवर आरपीएम, तापमान, वेग असं सगळं लावून ठेवलं तर आणखी कमी. डुलक्या घेत रस्त्यावरच्या गाड्या मोजण्याचा हा प्रकार आहे. आलेख मंद दिसतो तो डोंगलमुळे, आणि शिक्षा होते सेन्सरला.

बरं, आलेख कोणत्या सेन्सरचा बघताय? कन्व्हर्टरच्या मागचा दुसरा सेन्सर जवळजवळ स्थिर राहणंच अपेक्षित असतं. त्याची सरळ रेघ बघून ‘हा मेला’ म्हणणारे मी पाहिलेत. शिवाय हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड (मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणारा) असतो, तिथे ०.१ ते ०.९ चा हिशेबच लागू नाही.

खरी तपासणी अशी. इंजिन पूर्ण तापवायचं, आरपीएम अडीच हजारांच्या आसपास धरायचं आणि सिग्नलच्या वायरवर ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजचे झटपट बदल दाखवणारं यंत्र, लावायचा. मग व्हॅक्युमचा एखादा पाइप क्षणभर काढून मिश्रण मुद्दाम लीन करायचं, आणि थ्रॉटल झटक्यात उघडून रिच करायचं. सेन्सरने तत्काळ उडी मारली तर तो निर्दोष आहे, गळती, इंजेक्टर नाहीतर एमएएफ बघा. रेंगाळला तर आधी हीटर तपासा, कारण साधारण ३०० अंशांच्या खाली हा सेन्सर धड काम करत नाही आणि हीटर अर्धमेला असेल तर धडधाकट सेन्सरही आळशी दिसतो. फ्यूज, हीटरचा रेझिस्टन्स, कनेक्टरमधलं पाणी. हे सगळं ठीक निघालं, मगच नवा सेन्सर. स्कोप न लावता कोणी थेट सेन्सरचं बिल हातात ठेवत असेल, तर त्या गॅरेजवाल्याबद्दल मेसेज बरोबर आहे, हेही जाता जाता.

ई-२० चं लगेच उरकतो. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून एक भाग इंधनाला लागणारी हवा १४.७ भागांवरून साडेतेराच्या आसपास येते आणि ईसीयू तेवढं इंधन वाढवतो. ॲव्हरेज थोडं पडतं, हे खरं. सेन्सर त्याने मंदावत नाही.

४० हजारांचा आकडा जुन्या, हीटर नसलेल्या सेन्सरच्या जमान्यातला वाटतो. आताचे सेन्सर लाखाच्या पुढे सहज जातात.

आणि वायर कापणं. सिग्नल नाही मिळाला की ईसीयू ठरलेल्या अंदाजाने इंधन सोडतो, आणि तो अंदाज बहुधा रिचच्या बाजूचा असतो. ॲव्हरेज पडतं, पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) वाढतो आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटून तो आतून वितळूही शकतो. कन्व्हर्टरची किंमत एकदा विचारून या. कोणी आधीच कापून बसला असेल तर निदान सोल्डर करू नका, जोडावर ग्रीस किंवा स्प्रेही मारू नका. पुष्कळ सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या आतल्या तारांमधूनच घेतात, ती वाट बुजते. दाबून बसवायचा स्लीव्हचा जोड करा, एक्झॉस्टपासून लांब बांधा.