‘जॅमर लावला की ड्रोन पडतो’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

साहेब, ड्रोन पाडायला जॅमिंगच्या जोडीने तोफाही लागतात, या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली. “घरी बसून रणनीती शिकवू नका, जॅमर लावला की ड्रोन पडतो, म्युझियममधल्या तोफा कसल्या मिरवता, आणि तोफेचे गोळे गावावर पडले तर?” मतभेद असू देत हो, पण ही काय बोलायची पद्धत झाली? उमेदीची वर्षं आर्मी एअर डिफेन्समध्ये एल-७० या विमानविरोधी तोफेवर काढलीत मी. चार-चार गोळ्यांच्या क्लिपा पहाटेच्या थंडीत हाताने भरायचो, बोटं बधिर व्हायची. मला ‘घरी बसून’ म्हणायच्या आधी निदान विचारायचं तरी.

तोफ जुनी आहे हे मान्य, साठच्या दशकात आपल्याकडे आली आणि पल्ला चारेक किलोमीटरचाच. पण मे २०२५ मध्ये ८-९ च्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३००-४०० ड्रोन सोडले, हा सरकारने दिलेला आकडा आहे, तेव्हा नवे सेन्सर बसवलेल्या याच एल-७० नी ड्रोन पाडले, जॅमिंगच्या जोडीने. जोडीने म्हणतोय मी, जॅमिंग नको असं पोस्टमध्ये कुठेही लिहिलेलं नाही.

आता तुमचं ते जॅमरचं वाक्य. जॅमर करतो काय, तर ऑपरेटरशी असलेली रेडिओ लिंक तोडतो आणि जीपीएसमध्ये गोंधळ घालतो. लिंकच नसेल तर काय तोडणार? युक्रेनमध्ये दोन्ही बाजू फायबरवाले ड्रोन वापरतायत, ड्रोन उडतो तशी मागे रिळातून केसासारखी बारीक काच उलगडत जाते, सिग्नल त्यातूनच जातो, हवेत जॅम करायला काही उरतच नाही. तिथल्या शेतांत त्या तारांची जाळी पडलीय आणि रस्त्यांवर ड्रोन अडवायला मासेमारीची जाळी टांगतात, ती काय हौस म्हणून?

आणि जम्मू आठवतंय का, जून २०२१? एअरफोर्स स्टेशनवर पाचेक मिनिटांच्या अंतराने दोन स्फोट, एका इमारतीचं छप्पर फुटलं, दोघे जखमी. ड्रोन आलाय हे वेळेत दिसलंच नाही तर जॅमरचं बटण कोण आणि कधी दाबणार? आधी दिसायला हवा, मग जॅम करा, त्यातूनही आला तर शेवटी लोखंडच लागतं. नागपूरच्या सोलर कंपनीने उगाच छोट्या रॉकेटांनी ड्रोन पाडणारं भार्गवास्त्र बनवलं नाही.

गोळे खाली पडण्याबद्दल पुन्हा कधीतरी, आज तो विषय नाही. फायबरच्या ड्रोनला तुमचा जॅमर काय करणार एवढंच लिहा, कमेंट डिलीट करणार नाही. भाषा मात्र नीट ठेवा.