सिम्युलेटरमधले काटे म्हणे मुद्दाम बिघडवलेत!

नागपुरातल्या विमानवेड्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "घरच्या सिम्युलेटरमध्ये (कॉम्प्युटरवरच्या विमान उडवायच्या गेममध्ये) होकायंत्र उलटं फिरतं, हेडिंग इंडिकेटर सरकतो, उंची चुकते. गेम अवघड करायला टाकलेले फॉल्ट आहेत हे, खऱ्या विमानात नसतात. बंद करा आणि बिनधास्त सराव करा."

पण या चुका खऱ्या विमानातही असतात. आधी होकायंत्र. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे जमिनीत तिरपं शिरतं. त्यामुळे उत्तरेला तोंड असताना उजवीकडे वळलात, तर तबकडी सुरुवातीला डावं वळण दाखवते. भंडाऱ्याच्या दिशेने, पूर्वेला जाताना नुसता वेग वाढवा, ती उत्तरेकडे सरकेल. लंडनपेक्षा हा झोल इथे कमी, पण आहेच.

हेडिंग इंडिकेटर म्हणजे विमानाच्या नाकाची दिशा दाखवणारी तबकडी. तिच्यातला जायरो, म्हणजे वेगाने फिरणारी चकती, अवकाशात आपली दिशा धरून बसतो आणि खाली पृथ्वी फिरत राहते. नागपूरच्या २१ अक्षांशावर फक्त त्यापायी तासाला सुमारे ५ अंशांचा फरक पडतो. बेअरिंगचं घर्षण वेगळंच. ५ अंश चुकून ६० किलोमीटर गेलात, की ५ किलोमीटर बाजूला. जुन्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये 'डी' दाबलं की तो होकायंत्राशी जुळायचा. खऱ्या सेसनात, म्हणजे शिकाऊ पायलटांच्या छोट्या विमानात, विमान सरळ, समतल, एका वेगात ठेवून होकायंत्र स्थिरावू द्यायचं, मग नॉब दाबून फिरवायचा, दर १०-१५ मिनिटांनी. वळणात जुळवलंत तर होकायंत्राची चूकच त्यात भरलीत. काट्यांऐवजी स्क्रीन असलेल्या ग्लास कॉकपिटमध्ये ही दुरुस्ती आपोआप होते, तेवढ्यापुरता मेसेज खरा.

उंचीचं म्हणाल, तर हवेच्या दाबावरून उंची सांगणारा अल्टिमीटर प्रमाण हवा, म्हणजे ठरावीक तापमानाची हवा, गृहीत धरतो. सोनेगाव विमानतळाच्या ३१५ मीटर उंचीवर ती १३ अंशांची. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की काटा धावपट्टीच्या वर १,००० फूट दाखवतो तेव्हा तुम्ही १,१०० च्या आसपास असता. बग कसला, ऊन आहे ते!

सिम्युलेटर खोटा पडतो तो दुसरीकडेच. जायरो फिरवत ठेवणारा व्हॅक्यूम पंप गेला की घरच्या सिममध्ये पुष्कळदा कृत्रिम क्षितिज (विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण) झटक्यात मरतं, आणि लगेच कळतं. खरा जायरो हळूहळू मंदावतो. क्षितिज काही मिनिटं सावकाश कलत जातं, आणि ढगात असलेला पायलट त्याच्या मागोमाग विमान कलवत राहतो. जुन्या सेसनात धोक्याची थेट खूण एकच: पंपाची ओढ दाखवणाऱ्या सक्शन गेजचा खाली आलेला काटा, ज्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही.